तिसरा जुआंव, पाचवा जुआंव

मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चसमोर रिक्षासाठी ताटकळणाऱ्या ठाणेकराला, हा ‘जॉन’ मुळात पोर्तुगिजांचा ‘जुआंव’, याचं काय सोयरसुतक! पण या नावाचा इथे भलताच दबदबा होता. १५३४च्या वसईच्या तहाने ठाण्यासकट साष्टी पोर्तुगिजांकडे गेली तेव्हा लिस्बनच्या गादीवर तिसरा जुआंव होता. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा पाचवा. संत जुआंवचा सण २४ जूनला. पोर्तो शहरात त्याच्या आदल्या रात्री लोक एकमेकांच्या डोक्यात प्लॅस्टिकचे हातोडे हाणतात. गोव्यात ‘सांजांव’ला फुलापानांची कोपेल डोक्यावर चढवून भरल्या विहिरीत धडाधड उड्या, आणि नव्या जावयाचा खास मान. आपला अधिकमासातला जावई बरा, अनारशांवर सुटतो!