दगड खाणाऱ्यांचं गाणं

हवाई म्हटलं की आपल्या पोरांना रबरी चप्पल आठवते. फार तर हवाई सुंदरी. प्रशांत महासागराच्या मधोमध या नावाची बेटं आहेत, तिथं माणसं राहतात, त्या माणसांना स्वतःची भाषा आहे आणि ती शाळेत बोलली म्हणून त्यांच्या पोरांना मार पडायचा, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. शिकवणार कोण? ज्यांनी शिकवायचं त्यांनी तर आमच्या बोलीलाच अशुद्ध ठरवून हातावर छड्या मारलेल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हिलो गावच्या कलानी पेआ या गायकाला 'कुइनी' या आल्बमसाठी ग्रॅमी मिळालं. चौथ्यांदा. आधी २०१७, २०१९, २०२२. कुइनी म्हणजे राणी. गाणं हवाईच्या मूळ भाषेतलं. दोस्तहो, मला या बातमीवर बोलायचंय. कुणी म्हणेल, इथं खैरलांजीची राख अजून गरम आहे आणि हा शहाणा समुद्रापलीकडची गाणी ऐकवतोय. १९७२ साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी ओकलंडच्या काळ्या पोरांचं पँथर हे नाव उचललं, तेव्हाही असं म्हणणारे होतेच.

शिवाय हवाईचा आणि आपला संबंध आहे, आणि तो कानात आहे. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यात तो लांब ओढलेला, सरकता, गळ्यातून हुंदका निघावा तसा सूर येतो ना, तो हवाईयन गिटारचा. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या निघायच्या, गळ्याच्या जागी नुसती गिटार. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर पोलादाचा तुकडा सरकवायचा, ही युक्ती ओआहू बेटावरच्या लाईए गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराची. एकोणिसावं शतक संपत आलं होतं तेव्हाची. १९०४ साली तो अमेरिकेत गेला, वाजवत आणि शिकवत फिरला, १९३२ साली न्यू जर्सीत मेला. लाईएमध्येच वाढलेल्या ताऊ मोचं अख्खं कुटुंब बँड घेऊन जगभर हिंडलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिलं. कलकत्ता ही या गिटारची आपल्याकडची मोठी पेठ. पुढं ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागदारी वाजवली, विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली. बाई हिंदुस्थानी बैठकीत सोवळं नेसून बसली. केकुकूचं नाव त्या बैठकीत कुणी घेत नाही.

वाद्य आलं, त्या वाद्यामागची माणसं आली नाहीत. हे आपल्याला नवीन आहे का? आमची हलगी फ्यूजनच्या स्टेजवर चढते, हलगीवाला गावकुसाबाहेर.

आता त्या माणसांचं ऐका. १८९३ साली साखरेच्या मळ्यांचे गोरे मालक आणि व्यापारी यांनी अमेरिकन नौसैनिकांच्या बंदुका पाठीशी घेऊन राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं. सरकारी बँडवाल्यांना हुकूम झाला, नव्या सरकारशी इमान राखू अशा कागदावर सह्या करा. बँडवाल्यांनी सह्या केल्या नाहीत. पोटाचं काय, तर दगड खाऊ. हे बँडवाले एलन प्रेंडरगास्ट या बाईकडे गेले आणि तिनं त्यांच्यासाठी गाणं रचलं. त्या गाण्याचं दुसरं नावच दगड खाण्याचं गाणं. चाल इतकी गोड की पर्यटक त्यावर डोलतो, त्याला वाटतं फुलांचं काहीतरी असणार. च्यायला, शिवी आहे ती, सत्तेला दिलेली! १८९५ साली राणीला तिच्याच राजवाड्याच्या वरच्या खोलीत कोंडलं. वाद्य दिलं नाही, कागद-पेन्सिल दिली. तिनं नुसत्या गळ्यावर चाली बांधून उतरवून काढल्या. १८९६ साली कायदा आला, शाळेची भाषा इंग्रजीच. १८९८ साली अमेरिकेनं बेटं गिळली.

आणि मग तीच अमेरिका गाऊ लागली. १९३७ साली नेब्रास्कात जन्मलेल्या एका गोऱ्या बँडमास्तरचं गाणं बिंग क्रॉस्बीनं वाइकीकीच्या सिनेमात गायलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. भाषा मारायची आणि चालीचं लग्न लावायचं. १९३५ पासून चाळीस वर्षं वाइकीकीच्या किनाऱ्यावरून रेडिओवर लाटांचा आवाज जगाला विकला जात होता. १९८० च्या सुमाराला त्या भाषेत घरी बोलणारी पोरं शोधून सापडत नव्हती.

त्याच काळात तिकडची तरुण पोरं पेटली. आपल्या पँथरच्याच वर्षांत. गॅबी पाहिनुईसारख्या, रस्त्यावर मजुरी केलेल्या म्हाताऱ्याच्या गिटारपाशी जाऊन बसली, जुनी गाणी उकरून काढू लागली. त्यातला एक जॉर्ज हेल्म. मोलोकाई बेटाचा, उंच पातळ आवाजाचा. रात्री बारमध्ये गायचा आणि दिवसा काहोओलावे बेटासाठी लढायचा. त्या बेटावर अमेरिकन नौदल १९४१ पासून बाँब टाकायचा सराव करत होतं. मार्च १९७७ मध्ये तो आणि त्याचा साथी किमो मिचेल त्या बेटाजवळच्या समुद्रात नाहीसे झाले. हेल्म सव्वीस वर्षांचा होता. बाँब थांबायला १९९० उजाडलं. न फुटलेले अजून जमिनीत आहेत.

मला ग्रॅमीचं म्हणायचंय ते इथून पुढं. २००५ साली त्यांनी हवाई संगीताचा वेगळा गट केला. सात वर्षं चालवला. सातपैकी पाच बक्षिसं ढिल्या तारांच्या गिटारच्या संकलनांना. पहिल्याच वर्षीच्या विजेत्या तबकडीत गाणारा गळाच नाही! भाषेत गाणारे बसले टाळ्या वाजवत. म्हणजे पुन्हा तेच, सूर हवा, तोंड नको. २०११ नंतर गटच मोडला आणि सगळ्यांना 'प्रादेशिक मुळांचं संगीत' नावाच्या एका खोलीत कोंबलं. त्या खोलीत लुइझियानाचे बँडवाले, हवाईवाले, सगळे एकमेकांशी भांडणार, आणि मधल्या दिवाणखान्यात मूळ नसलेलं, प्रदेश नसलेलं, नुसतं 'संगीत'. ग्रंथालयात आपल्या पुस्तकांचं वेगळं कपाट असतं तसं. साहित्य इकडं, दलित साहित्य तिकडं.

तरी पेआ जिंकतो याचा मला आनंद आहे, आणि तो बक्षिसाचा नाही. हा माणूस हिलोजवळच्या अशा शाळेतून शिकला जिथं सगळे विषय हवाईच्या भाषेत शिकवतात. १९७८ साली ती राज्याची अधिकृत भाषा झाली, १९८४ मध्ये आईबापांनी पहिली बालवाडी काढली, बालवाडीतून शाळा निघाल्या आणि शाळेतून गाणारा निघाला. आधी वर्ग, मग माइक. आपल्याकडं उलटं चाललंय. जयंतीला डीजेची भिंत उभी, आणि वस्तीतल्या अभ्यासिकेला दिवा नाही. त्या भिंतीतून भीमगीतंच वाजतात हे मला माहीत आहे. ढोसकीला वामनदादांचा शब्द कळेनासा होतो तेवढंच.

इझ्रायल कामाकाविवोओलेचं इंद्रधनुष्याचं गाणं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, जाहिरातीत, रीलमध्ये. २०२१ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत गेलं. त्याच १९९३ च्या आल्बमची सुरुवात 'हवाई ७८' या गाण्यानं होते, गेलेल्या जमिनीच्या गाण्यानं. जगानं इंद्रधनुष्य उचललं, जमीन तिथंच ठेवली. १९९३ मध्येच अमेरिकेच्या संसदेनं शंभर वर्षांपूर्वीच्या उलथापालथीबद्दल ठराव करून माफी मागितली. माफी दिली, एकरभर जमीन दिली नाही. २०२० च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त मूळ हवाईयन हवाईबाहेर राहतात असं निघालं. घरभाडं परवडत नाही. २०२३ साली लहायना जळालं, शंभरावर माणसं मेली, तेव्हा पैसे गोळा करायला पुन्हा गाणारेच उभे राहिले.

आता पुण्याकडं येतो. मौना केआ हा तिथला डोंगर, चार हजार दोनशे मीटर. त्यावर तीस मीटर व्यासाची दुर्बीण बांधायची होती. जुलै २०१९ मध्ये म्हातारी माणसं रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली, तीसहून जास्त जणांना पोलिसांनी धरलं. पायथ्याशी छावणी पडली, दिवसातून तीनदा मंत्रघोष आणि हुला नाच. हिनालेइमोआना वाँग-कालू या गुरूनं काही वर्षांपूर्वी रचलेलं गाणं तिथं चळवळीचं गाणं झालं, बेटाबेटांवर गायलं गेलं. त्या दुर्बिणीत भारत सरकार भागीदार आहे. पुण्याची आयुका त्यात आहे. म्हणजे त्या म्हाताऱ्यांना उचललं त्यात तुमच्या-माझ्या कराचा पैसा होता, आणि पुण्यातल्या एकाही पुरोगामी व्याख्यानमालेला त्यावर तोंड उघडावंसं वाटलं नाही.

मी विज्ञानविरोधी नाही. बाबासाहेबांची बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहे, डोंगराला देव म्हणून हात जोडणार नाही. पण जमीन कुणाची हा प्रश्न देवाचा नाही. डोंगर पवित्र नसता तरी त्यांना न विचारता तो घेता आला नसता.

आणि म्हणूनच त्या भावंडांशीही माझं एक भांडण आहे. जुन्या हवाईत कौवा नावाची माणसं होती. हिंदीवाल्याला कावळा वाटेल. ही माणसं वेगळ्या जागेत राहायची, त्यांचा विटाळ मानायचे, कपाळावर गोंदून खूण करायचे आणि बळी कमी पडला की त्यांच्यातला एक ओढून न्यायचे. सगळ्या समाजाला कापूचे निर्बंध, बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचंही नाही. १८१९ साली तरुण राजा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवला आणि कापू मोडलं. मिशनरी यायच्या आधी, त्यांचं त्यांनी. मला हे वाचून उडी मारावीशी वाटली. आमच्या चवदार तळ्याला १९२७ उजाडावं लागलं, आणि तिथं राजा पाणी प्यायला आला नव्हता, आम्हीच गेलो होतो.

राणीची गाणी गा, गायलाच हवीत, तिला लुटलंय. पण सरदारांच्या वंशावळी गाणाऱ्या या गोड गळ्यातून कपाळावर गोंदलेल्या माणसाचं गाणं मला हवंय, त्यांच्याच भाषेत. कुठल्या खोलीतलं बक्षीस त्याला मिळतं न मिळतं, मला घेणं नाही. निघालं की आमच्या वस्तीत आधी वाजवू, आवाज कमी ठेवून, शब्द कळतील असा.