समेट होतो, पण कोणाकोणात?

संप मिटला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. वाटाघाटी यशस्वी झाल्या, तोडगा निघाला, कामगार कामावर रुजू झाले. सोबत फोटो असतो: मालक, संघटनेचे पुढारी आणि मध्ये समेट अधिकारी. फोटोत बाई सहसा नसते. संपाच्या मांडवात मात्र ती पहिल्या रांगेत बसलेली असते. मैत्रिणींनो, मांडवातली ही बाई वाटाघाटीच्या खोलीत का पोचत नाही, याचा विचार आपण करायला हवा.

एक गोष्ट आधीच सांगते. मी समेटाच्या विरोधात नाही. संप लांबला की पहिली झळ बाईलाच लागते, मग ती स्वतः संपावर असो की संपकऱ्याची बायको. मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेले, तेव्हा कित्येक घरांच्या चुली बायांच्या खाणावळींवर आणि धुण्याभांड्यांवर पेटत राहिल्या. त्या संपाची वाटाघाटच नीट होऊ शकली नाही, याला कायदाही कारण होता. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे बोलणी करण्याचा अधिकार फक्त ‘प्रातिनिधिक’ संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना टेबलापाशी जागा नव्हती आणि ज्यांना जागा होती त्यांच्यामागे कामगार नव्हते.

टेबलापाशी कोण बसते याला एवढे महत्त्व का, हे समजायला समेटाची रीत माहीत हवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकारी होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. समेट अधिकारी तिच्यातही आहे. तो निकाल देत नाही. दोन्ही बाजूंना एकत्र बसवतो, कधी वेगवेगळे बसवून निरोप पोचवतो. समेटाचे काम चालू असताना वादातल्या नोकरीच्या अटी मालकाला परस्पर बदलता येत नाहीत, हा मोठाच आधार आहे. आणि समेटात झालेला करार तिथल्या सगळ्या कामगारांना लागू होतो. त्या संघटनेची सभासद नसलेल्या बाईला लागू होतो, उद्या कामाला लागणाऱ्या मुलीलाही होतो. ज्या करारात तिला विचारलेले नसते, तोच तिला वर्षानुवर्षे बांधून ठेवतो.

केरळातल्या मुन्नारचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या चहाच्या मळ्यांत हजारो मजूर बायांनी काम बंद केले. १० टक्क्यांवर आणलेला बोनस त्यांना २० टक्के हवा होता. पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिले नाही. ‘पेंबिलै ओरुमै’, म्हणजे बायांची एकजूट, या नावाने त्या स्वतः रस्त्यावर बसल्या. नवव्या दिवशी मुख्यमंत्री ओमन चंडी यांना बायांच्या प्रतिनिधींशी बोलावे लागले आणि २० टक्के मान्य झाले: ८.३३ टक्के बोनस, उरलेले सानुग्रह अनुदान. मग रोजची मजुरी २३२ रुपयांवरून ५०० करा, ही मागणी पुढे आली. ती मात्र मळेकामगारांच्या त्रिपक्षीय समितीकडे गेली. तिथे मालक, शासन आणि नोंदणी झालेल्या जुन्या संघटना. बायांच्या संघटनेची तेव्हा नोंदणीच झालेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये तोडगा निघाला तो ३०१ रुपयांवर. बाया खोलीत असत्या तर ५०० मिळालेच असते, असे मी म्हणणार नाही. पण ३०१ वर थांबायचे की नाही, हे ठरवण्यात त्या असत्या.

मी काम करते त्या भागातल्या एका कारखान्याचा करार मी वाचला आहे. मागणीपत्रात बायांच्या तीन मागण्या होत्या: पाळणाघर, दुसऱ्या पाळीनंतर घरापर्यंत गाडी आणि संडासाच्या दाराला आतून कडी. करारात पगारवाढ आली, बोनस आला. बायांच्या तिन्ही मागण्या ‘यथावकाश विचार करण्यात येईल’ या एका ओळीत गेल्या. पुढाऱ्यांना विचारले तर म्हणाले, “ताई, देवाणघेवाणीत काहीतरी सोडावंच लागतं.” खरे आहे. पण कडीला खर्च तो किती? सोडले ते बायांचे, आणि सोडणारे सगळे पुरुष.

नवी संहिता हे चित्र बदलते का? २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात बायांचे प्रमाण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको, असे ती म्हणते. चांगलेच आहे. परंतु मालकाशी बोलणी करण्याचा मान ५१ टक्के कामगारांच्या संघटनेला, आणि तशी नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या परिषदेला. इथे बायांसाठी अशी कोणतीही अट नाही. म्हणजे गाऱ्हाणे सांगायला बाई चालते, करार करायला नाही. शिवाय टक्के मोजायचे ते हजेरीपटावरून. कंत्राटदाराकडून आलेली बाई या मोजणीतच येत नाही. संपासाठी आता १४ दिवसांची नोटीस हवी. समेट चालू असताना आणि तो संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही. संप जितका अवघड, तितके समेटाचे टेबल महत्त्वाचे.

आणि अंगणवाडी ताई? ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांनी राज्यभर केलेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्यांना मिळते ते ‘मानधन’. वेतन म्हटले तर कुणीतरी मालक ठरतो. मानधन म्हटले की हात झटकता येतात. मग समेट करायचा तरी कोणाशी?

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. मागणीपत्र ठरवताना बायांची वेगळी सभा घ्यावी, तीही पाळी सुटल्यावर कारखान्याजवळ; रात्री नऊला संघटनेच्या कचेरीत नव्हे. वाटाघाटीच्या गटात बायांना त्यांच्या संख्येइतकी जागा द्यावी. संघटना हे आपल्या घटनेत आजही लिहू शकते. कंत्राटी बायांची प्रतिनिधी सोबत न्यावी. आणि सही होण्याआधी कराराचा मसुदा मराठीतून सर्वांपुढे वाचावा. कोणती मागणी सोडली आणि का, हे त्याच सभेत सांगावे.

आपल्या गटांचेही यात काम आहे. घरातल्या हिंसेचा कायदा आपण वस्तीवस्तीत शिकवला. तसाच समेटाचा कायदा शिकू आणि शिकवू. कामगार संघटना आपल्या मैत्रिणी आहेत, त्यांच्याशी भांडण मांडायचे नाही. पण त्यांच्या बैठकीत आपली खुर्ची मागायला संकोचही नको. भूक आणि पोलिसांची लाठी बाई सोसते, तर कराराचा शब्दही तिने ठरवायला हवा.