पहिल्या बेसवरचा पहिला कोण?

बेसबॉल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की बॅट गोल असते आणि खेळ अमेरिकेत चालतो! पण मित्रांनो, 'सगळ्यात भारी कोण?' हा वाद तिथेही आपल्याइतकाच रंगतो. त्यातला माझा लाडका वाद म्हणजे फर्स्ट बेसमनची मेरिट लिस्ट.

आधी काम समजून घेऊ. चेंडू मारला की बॅटर फर्स्ट बेसकडे धावत सुटतो. फील्डर चेंडू उचलून तिकडेच फेकतो. फर्स्ट बेसमनने एक पाय बेसवर ठेवून, बॅटर पोचायच्या आत तो थ्रो झेलला की बॅटर आउट. इथे पळापळ कमी, म्हणून टीम बहुधा आपला तगडा हिटर तिथे उभा करते. साहजिकच मार्क्स मुख्यतः बॅटिंगचे.

पहिला नंबर लू गेरिगचा. न्यूयॉर्क यँकीजचा हा गडी १९२५ ते १९३९ सलग २,१३० मॅचेस खेळला. हा विक्रम मोडायला १९९५ साल उजाडलं! करिअरची सरासरी ०.३४० (०.३०० म्हणजेच डिस्टिंक्शन समजा) आणि ४९३ होम रन. एएलएस या आजारामुळे १९३९ मध्ये त्याला थांबावं लागलं आणि १९४१ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. अमेरिकेत तो आजार आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

दुसरा अल्बर्ट पुहोल्स. २००१ ते २०१० अशी पहिली सलग दहा वर्षं त्याने दर वर्षी किमान ३० होम रन, १०० आरबीआय आणि ०.३०० च्या वर सरासरी दिली. अकराव्या वर्षी सरासरी आली ०.२९९ आणि आरबीआय ९९! २०२२ मध्ये तो रिटायर झाला तेव्हा खात्यात ७०३ होम रन होते.

इथपर्यंत फारसं कुणी भांडत नाही. भांडण तिसऱ्या नंबरपासून सुरू होतं.

बहुतेक जण तिथे जिमी फॉक्सला बसवतात. तीन वेळा एमव्हीपी, ५३४ होम रन. माणूस थोरच. पण मी तिथे बक लेनर्डचं नाव लिहीन. लोक त्याला 'काळा लू गेरिग' म्हणायचे. १९३४ ते १९५० तो होमस्टेड ग्रेजकडून खेळला, पण मेजर लीगमध्ये एकही मॅच नाही. कारण? कातडीचा रंग. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या लीग वेगळ्या होत्या. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सनने ही भिंत पाडली आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तो उभा होता फर्स्ट बेसवरच! लेनर्ड तोवर ३९ वर्षांचा झाला होता. १९५२ मध्ये त्याला मेजर लीगमधून विचारणा झाली, पण आता आपलं वय झालं म्हणून त्याने नकार दिला.

'पण आकडे कुठे आहेत?' हा नेहमीचा सवाल. २०२४ मध्ये मेजर लीगने या लीग्जचे आकडे आपल्या अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले. ते अपुरे आहेत, मान्य. तिथल्या बऱ्याच मॅचेसचा स्कोअर कुणी नीट जपलाच नाही. पण हँक ग्रीनबर्गचं काय? दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेल्यामुळे त्याचे चारेक सीझन बुडाले. त्याच्या ३३१ होम रनकडे बघताना सगळे म्हणतात, 'युद्ध नसतं तर किती झाले असते!' अगदी बरोबर. मग हाच हिशोब लेनर्डला का नको? ग्रीनबर्ग परत आला तेव्हा त्याची जागा त्याची वाट बघत होती. लेनर्डला ती कधी दिलीच नाही. ज्याला परीक्षेला बसूच दिलं नाही, त्याच्या नावापुढे 'अॅब्सेंट' कसं लिहायचं?

आणि उलट बाजूही बघा ना. गेरिग आणि फॉक्स यांच्या समोर त्या काळचे उत्तम कृष्णवर्णीय पिचर लीगमध्ये कधी आलेच नाहीत. त्यात त्या दोघांचा दोष नाही, पण पेपर थोडा सोपा होता हे तरी मान्य करा. तरीही गेरिग पहिलाच, कारण तेवढी सूट वजा करूनही तो पुढेच राहतो.

तर माझी यादी : गेरिग, पुहोल्स, लेनर्ड, फॉक्स, ग्रीनबर्ग. तुमची वेगळी असेल तर कॅन्टीनमध्ये भेटा. फक्त येताना नुसते आकडे आणू नका, ते मोजायला कुणाकुणाला मैदानात घेतलं होतं तेही बघून या!