बियाणें निवडतांना मुळेंही पाहावीं

भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची उत्तर कोंकणांतील वहिवाट जुनी आहे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु हें सख्य केवळ जंतूंच्या मर्जीवर चालत नाहीं. त्यांस मुळांत थारा द्यावयाचा कीं नाहीं, हें वनस्पतीचीं जनुकें, म्हणजे आनुवंशिक गुणघटक, ठरवितात. २००२ सालीं असें एक जनुक सांपडलें कीं, तें बिघडलें असतां जंतूंच्या गाठीही येत नाहींत व उपयुक्त बुरशीही मुळांत नीट शिरत नाहीं.

याचा शेतकऱ्याशीं संबंध काय? पटान्चेरू येथील इक्रिसॅट संस्थेंत गाठी धरणाऱ्या भुईमुगांच्याच संकरांतून गाठी मुळींच न धरणारीं झाडें निघालीं. त्या दोषाची आनुवंशिकता १९८० सालीं प्रसिद्ध झाली. भरपूर नत्रखत दिलेल्या वाफ्यांत असा दोष सहज झांकला जातो. त्याचा भुर्दंड मात्र पुढें शेतकऱ्यास पडतो.

म्हणून आमचें मत असें कीं, नव्या वाणाची परीक्षा नत्रखत न दिलेल्या जमिनींतही व्हावी व गाठींची हकीकत बियाण्याबरोबर मिळावी. मढसारख्या गांवीं ज्यांचीं खाचरें शिल्लक असतील त्यांनीं फुलोऱ्याच्या वेळीं वालाचीं दोनचार झाडें मातीसह उपटून गाठी चिराव्या. आंत गुलाबी रंग असल्यास काम चालू आहे. नसल्यास बियाणें व जमीन या दोहोंचीही चौकशी करावी. शेतकरी हा प्रश्न विचारूं लागले, तरच वाण काढणारे मुळांकडे पाहतील.