बियाणें कोणाच्या कणगींत?

जगांतील धनिक व मुत्सद्दी मंडळी खाजगी बैठकी भरवून राष्ट्रांनीं परस्परांशीं कसें वागावें याचा खल करितात, हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांस त्यांत कारस्थानाचा वास येतो. १९७३ सालीं डेव्हिड रॉकफेलर यांनीं स्थापिलेलें 'ट्रायलॅटरल कमिशन' हें असेंच एक मंडळ. आमच्या मतें येथें भयापेक्षां विचार बरा.

याच घराण्यानें स्थापिलेल्या निधीनें व फोर्ड निधीनें मिळून १९६० सालीं फिलिपिन्समध्यें भातसंशोधनाची संस्था उभारली. १९६६ सालीं तिचें 'आयआर-८' हें ठेंगणें, भरघोस पिकाचें वाण बाहेर आलें. अशा वाणांनीं आशियांतील भुकेल्यांच्या मुखीं घास घातला, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. तथापि नवीं वाणें शेतांत आलीं, तशीं जुनीं देशी वाणें मागें हटलीं.

आमच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. पण देशी बियाणें जतन केलें, बाएफ संस्थेच्या साह्यानें बियाण्यांची पेढी उभारली, आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

वसुधेला कुटुंब मानावें, असें आम्ही जन्मभर शिकविलें. परंतु थोरल्यानें धाकट्यांस न विचारतां व्यवहार केला म्हणजे घरांत काय होतें, हें एकत्र नांदणाऱ्यांस सांगावयास नको. जगाशीं सहकार्य अवश्य करावें. मात्र पेरणीपुरतें बियाणें आपल्याच कणगींत असावें.