होम्सच्या जनकाचा पुरावा कुठे हरवला?

रहस्यकथांचा नाद आम्हांला जुना. त्यातही शेरलॉक होम्स आमच्या विशेष लोभातला. बुटावरचा चिखल, तंबाखूची राख, दाराजवळचा पायाचा ठसा असे काहीतरी हाती लागल्याशिवाय हा माणूस कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. आम्ही पडलो हिशेबाच्या टेबलावरचे कारकून. आधी पावती, मग नोंद, हा आमचाही नियम. म्हणून होम्स आम्हांला आपलाच वाटतो.

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' हे १९०२ चे पुस्तक अनेक वाचकांना ठाऊक असेल. घराण्याला शाप, माळरानावर रात्री हिंडणारे कुत्र्याचे भूत, सगळा गाव भेदरलेला. शेवटी निघते काय? इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या माणसाने पाळलेला खराखुरा कुत्रा, आणि त्याच्या तोंडाला फासलेला फॉस्फरस!

होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल पुस्तकाबाहेरही असेच वागले. जॉर्ज एडलजी हा इंग्लंडमधला तरुण वकील. त्याचे वडील मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते तिथल्या एका खेड्यात धर्मगुरू झाले होते. रात्री गुरे-घोडे कापल्याचा आळ या काळ्यासावळ्या पोरावर आला आणि १९०३ साली त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी त्याला सोडले, पण कलंक तसाच राहिला. डॉइल त्याला भेटायला गेले, तेव्हा तो वर्तमानपत्र अगदी डोळ्यांशी धरून वाचत होता. डॉइल स्वतः डॉक्टर, नेत्रविद्या शिकलेले. इतक्या अधू नजरेचा माणूस काळोखात शेते आणि रूळ ओलांडून जनावर कापील कसा, असा त्यांचा सवाल. त्यांनी १९०७ साली वर्तमानपत्रातून प्रकरण लावून धरले. एडलजीला त्या गुन्ह्याची माफी मिळाली, नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही.

अशा लेखकाची प्रोफेसर चॅलेंजर ही दुसरी मालिका आम्ही मोठ्या आशेने हाती घेतली. १९१२ चे 'द लॉस्ट वर्ल्ड' झकास आहे. तापट, हट्टी, कोणालाही न जुमानणारा हा शास्त्रज्ञ मनात भरतो. पण १९२६ चे 'द लँड ऑफ मिस्ट' वाचून आमची घोर निराशा झाली. पानोपानी प्रेतात्म्यांना बोलावण्याच्या बैठका. चॅलेंजर प्रथम या सगळ्याची टर उडवतो. पुढे त्याची मुलगी अंगात आल्यासारखी बोलते, फक्त त्यालाच ठाऊक असलेले गुपित सांगते, आणि हा वाघ एकदम शेळी होतो. रहस्यकथेत लेखक पुरावा वाचकापुढे मांडतो व म्हणतो, तूही तपासून पाहा. इथे तपासायला काही ठेवलेलेच नाही, फक्त मान डोलवायची. आमची तक्रार भुताबद्दल नाही, पावतीबद्दल आहे.

डॉइल यांची ही श्रद्धा १९१६ सालीच जाहीर झाली होती. पुढे १९१८ मध्ये थोरला मुलगा गेला, १९१९ मध्ये भाऊ गेला आणि ती अधिकच घट्ट झाली. कॉटिंग्ली गावातल्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली, १९२२ साली त्यावर पुस्तकच लिहिले. पुढे १९८३ मध्ये त्या दोघींनी, म्हातारपणी, सांगून टाकले: पऱ्या कागदाच्या होत्या, टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. चित्रे ज्या पुस्तकावरून उतरवली, त्यात खुद्द डॉइल यांचीही एक कथा होती! अधू डोळ्यांचा माणूस एका नजरेत ओळखणाऱ्याला ही पिन दिसली नाही.

एवढे मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे, की होम्सला त्यांनी या नादी लावले नाही. १९२४ च्या रक्तपिपासू पिशाच्चाच्या कथेतही होम्स भुताला दारातूनच परत पाठवतो. बाळाच्या मानेला तोंड लावणारी आई प्रत्यक्षात विष चोखून काढत असते.

वाचकहो, डॉइल लबाड नव्हते, मूर्खही नव्हते. म्हणूनच ही गोष्ट मनाला लागते. मुलगा गमावलेल्या बापाला त्याचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटला, यात नवल नाही. पण नेमक्या अशाच घरी मांत्रिक आणि भगत पोचतात. तेरा दिवसही उलटलेले नसतात, तोच कोणीतरी येऊन सांगते, तुमच्या माणसाचा आत्मा अडकला आहे, अमुक इतके काढा. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा फसवणुकीविरुद्ध कायदा आहे, पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न घरातल्यांनीच विचारायचा असतो. शेजारी दुःख झाले तर चार दिवस त्या घरी बसा, चहा न्या, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढा. आणि कोणी आत्म्याचा निरोप घेऊन आलाच, तर घरच्यांच्या वतीने तुम्ही पुरावा मागा. ते बिचारे त्या वेळी मागू शकत नाहीत.