टँकरवर पंप बसवताना



उन्हाळा तोंडावर आला की एक तक्रार हमखास कानावर येते. "साहेब, पंप नवा, इंजिन जोरात, पण पाणीच ओढत नाही." २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागातल्या अनेक बागाईतदारांनी टँकरने पाणी घालून मोसंबी जगवली. तशी वेळ कोणावर येऊ नये. पण आली तर ट्रकवरचा किंवा ट्रॉलीवरचा पंप दगा देणारा नसावा.

आधी पंप किती मोठा घ्यावा ते पाहू. शेजाऱ्याने पाचाचा घेतला म्हणून आपण साडेसाताचा घ्यायचा, याला हिशेब म्हणत नाहीत. मिनिटाला ५०० लिटर पाणी देणारा पंप ५,००० लिटरची टाकी १० मिनिटांत भरतो. एवढे पुष्कळ झाले. विहिरीलाच पाणी कमी असेल तर मोठा पंप तळ गाठून हवा ओढू लागेल, दुसरे काय!

पंप टाकीच्या तोंडापेक्षा खाली बसवा. म्हणजे टाकी रिकामी करताना पाणी आपोआप पंपात उतरते, वेगळे भरावे लागत नाही. मात्र गतिरोधकाला घासेल इतका खाली नको. टाकी आणि पंप यांच्यामध्ये रबरी पाईपचा लहानसा तुकडा जरूर घाला. सगळे लोखंडी जोडले तर खडबडीत रस्त्याच्या हादऱ्याने टाकीचे वेल्डिंग तडकते. बैठकीच्या बोल्टांना स्प्रिंग वॉशर हवेत, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ते पान्याने पुन्हा आवळायला हवेत.

आता मुख्य गोष्ट. पंप पाणी लांबवर ढकलू शकतो, पण खालून ओढण्याला मर्यादा आहे. पाणी पाईपात चढते ते बाहेरच्या हवेच्या दाबाने. कागदावरचा हिशेब ३३ फुटांपर्यंत जातो. प्रत्यक्षात २० फुटांच्या आतच धरून चाला. हे अंतर विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंत मोजायचे, जमिनीपर्यंत नव्हे. पंप ट्रकवर तीन फूट उंच असेल तर तेवढे फूट वजा झाले.

ओढीचा पाईप कडक कड्यांचा घ्या. चपटा पाईप ओढ लागताच चिकटून बसतो. खाली फूटव्हॉल्व, जोडांना चांगले वॉशर. सुईएवढ्या भोकातून हवा शिरली तरी पंप पाणी सोडतो. आणखी एक खोड पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पाईप विहिरीच्या कठड्यावरून टाकून पुन्हा खाली पंपाकडे आणला की कठड्यावर उंचवटा तयार होतो आणि तिथे हवा अडकते. कठड्याला खालच्या बाजूने भोक ठेवून पाईप त्यातून काढा. विहिरीपासून पंपापर्यंत पाईप चढताच असला पाहिजे.

सुरू करण्यापूर्वी पंप व पाईप पाण्याने गच्च भरा, हवेचे बूच उघडून बुडबुडे जाऊ द्या. डिलिव्हरीचा व्हॉल्व बंद ठेवून इंजिन चालू करा आणि मग तो हळूहळू उघडा. मिनिटभरात पाणी आले नाही तर इंजिन बंद करून हवा कुठून शिरते ते शोधा. कोरडा फिरणारा पंप सील जाळतो. टाकी रिकामी करताना वरचे झाकण उघडे हवे. आत हवा जायला वाट नसेल तर पत्र्याची टाकी चेपते.

पाणी २० फुटांच्या खाली गेले की काही जण इंजिन-पंप दोराने विहिरीत उतरवतात. बंधूंनो, हे कदापि करू नका. डिझेलचे असो की पेट्रोलचे, इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. विहिरीत तो साचून राहतो आणि उतरलेला माणूस ओरडायच्या आत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा. एकाच घरातली दोन-तीन माणसे अशी गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कंदील सोडून पाहिला, विझला नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका; हा वायू माणूस मारण्याइतका असला तरी ज्योत तशीच जळते. कोणी आत पडलाच तर दोर व गळ वरूनच टाका आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर कळवा. पाणी खोल असेल तर विजेवर चालणारा सबमर्सिबल पंप विहिरीत सोडा आणि ट्रकवरचा पंप फक्त टाकी रिकामी करण्यासाठी वापरा. त्याच्या केबलचे जोड पाण्याबाहेर ठेवा. आणि पंप चालू असताना कोणी पाण्यात उतरायचे नाही.

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर पंप चालवत असाल तर फिरत्या दांड्यावरचे आवरण काढून टाकू नका. दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणे, काहीही सापडले तर सोडवायला वेळ मिळत नाही. पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

ज्या टाकीतून फवारणीचे औषध किंवा मळी नेली, तिच्यातून पिण्याचे पाणी आणू नका, कितीही धुतली तरी. जनावरांसाठीसुद्धा नको. पंपाच्या पोटात आणि रबरी पाईपात औषधाचा अंश राहतो. घरच्या पाण्यासाठी टाकी वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसे ठळक रंगवून घ्या, म्हणजे नवा ड्रायव्हर आला तरी घोटाळा होणार नाही.